वायरवर नेट ९४ च्या पुढे जात नाही आणि संध्याकाळी कॉल तुटतात: तपास कुठून सुरू करू?

सरळरेघ
३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, अपलोड ५०. राउटर खालच्या मजल्यावर, माझा डेस्कटॉप वर. वर येणारी लॅन केबल भिंतीतून टाकलेली आहे आणि दोन्ही टोकांना भिंतीत जॅक बसवले आहेत. डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट कधीही लावा, ९३-९४ येतात, सकाळ असो की मध्यरात्र. राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर तीच टेस्ट केली तर २८० च्या वर जाते.

दुसरं दुखणं वेगळं आहे की त्याचाच भाग आहे, कळत नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझा आवाज समोरच्याला तुटक ऐकू जातो, चित्र गोठतं. त्याच वेळी टीव्हीवर सिनेमा मात्र व्यवस्थित चालू असतो.

घरातल्यांचं म्हणणं, नवा मेश राउटर (घरात ठिकठिकाणी ठेवायचे, आपसांत जोडलेले वायफायचे डबे) आणू. आणायला हरकत नाही, पण दोष कशात आहे हे कळल्याशिवाय पैसे घालायला मन धजत नाही. कुठून सुरुवात करू?

तिर्री
राउटर बंद करून चालू केलात का? कोणीतरी हे विचारायलाच हवं, म्हणून मी विचारलं :)

अनाहूत
संध्याकाळी त्रास होतो म्हणजे कंपनीचीच लाइन भरते. माझ्याकडेही हेच रडगाणं आहे. सगळे घरी आले की नेट झोपतं. तक्रार करा, नाहीतर कंपनी बदला. घरात शोधाशोध करून काही हाती लागायचं नाही.

निरभ्र
तिर्री, प्रश्न रास्त आहे. फक्त रीस्टार्टच्या आधी राउटरच्या पानावर अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे) आणि लॉग (घडामोडींची नोंद) बघून ठेवावा. राउटर रात्रीतून आपोआप बंद पडून चालू होत असेल तर ते तिथे दिसतं, आणि बऱ्याच राउटरांत रीस्टार्ट केल्यावर तो पुरावा पुसला जातो.

अनाहूत, संध्याकाळच्या कॉलचं आपण नंतर बघू, पण ९४ हा आकडा कंपनीच्या गर्दीचा असूच शकत नाही. गर्दी असेल तर आकडा वेळेप्रमाणे हलतो. हा चोवीस तास एकाच जागी खिळलेला आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीवर पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, वेष्टनाचे बाइट वजा जाता हातात जास्तीत जास्त ९४-९५ पडतात. म्हणजे डेस्कटॉप आणि राउटर यांच्यामधली जोडणी १,००० वर न होता १०० वर झाली आहे. स्पीड टेस्ट हेच ओरडून सांगतेय.

आता १०० वर का पडली असेल? लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला, म्हणजे १,००० ला, चारही लागतात. एखादी तार तुटली की बहुतेक नेटवर्क कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

सरळरेघ, विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर इथरनेटखाली लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसलं तर आधी दोन्हीकडच्या लहान केबली बदला. मग राउटरचा आणि डेस्कटॉपचा पोर्ट गिगाबिट आहे ना, याची खात्री करा. स्वस्तातल्या काही राउटरांचे लॅन पोर्ट मुळात १०० चेच असतात, आणि मग कितीही केबली बदला, उपयोग शून्य.

केशरी_कंदील
मला एक मूलभूत शंका. माझा प्लॅन १०० चा आहे, पण फाइल उतरवताना ब्राउझर ११-१२ दाखवतो. म्हणजे मलाही दहावा हिस्साच मिळतोय का?

पाटीपुस्तक
नाही हो, तुम्हाला पूर्ण मिळतंय. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, ब्राउझर मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागून १२.५. त्यातून वरखर्च वजा केला की ११-१२ उरतात. निर्धास्त राहा.

सरळरेघ
निरभ्र, अगदी तसंच निघालं. लिंक स्पीड १००/१००. दोन्हीकडच्या लहान केबली बदलल्या, तरी १००. डेस्कटॉप खाली नेऊन राउटरला थेट जोडला तर १०००/१००० आणि टेस्ट २९० च्या वर. म्हणजे राउटर आणि कार्ड दोन्ही बरे आहेत. राहता राहिली भिंतीतली केबल आणि ते दोन जॅक.

शून्यप्रहर
भिंत कशाला उकरताय? वायफाय ६ आता गिगाबिटच्या वर जातं. घरातल्यांचं ऐका, मेश घ्या, वायर विसरा. वायरींचा जमाना गेला.

दूरवाट
शून्यप्रहर, इथे मी ठामपणे असहमत आहे. खोक्यावरचा आकडा हा हवेतला कमाल दर असतो, आणि तोही सगळ्या बँडांची (२.४, ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या पट्ट्यांची) बेरीज करून छापलेला. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी साधारणपणे एकच यंत्र बोलू शकतं. बाकीचे थांबतात. दूरच्या खोलीतला जुना फोन हळू बोलतो, त्यामुळे तो जास्त वेळ हवा अडवतो आणि राउटरशेजारी बसलेल्यालाही झळ बसते. शेजाऱ्यांचं वायफाय त्याच चॅनलवर असेल तर त्याच्यासाठीही थांबावं लागतं.

मेशचं तर आणखी एक आहे. त्याचा वरचा डबा खालच्या डब्याशी हवेतूनच बोलणार असेल आणि त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल, तर प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत जातं. वेग निम्म्यावर येतो. मेश उत्तम चालतं ते डबे आपसांत वायरीनं जोडले असताना. म्हणजे वायर लागतेच! जी भिंतीत आधीच आहे, ती दुरुस्त करणं हे पहिलं काम.

शून्यप्रहर
वायर असेल तर चांगलंच, हे मान्य. पण ज्यांच्या भिंतीत केबल नाही त्यांनी काय करायचं? सगळ्यांना फोडाफोडी शक्य नसते. माझ्या घरी मेशनंच प्रश्न सुटला आणि मी समाधानी आहे.

दूरवाट
ते अगदी खरं. केबल नसेल तर मेश घ्यावं, पण वरचा डबा कुठे ठेवायचा याचा विचार करावा. लोक तो जिथे नेट येत नाही तिथेच नेऊन ठेवतात. त्यालाच सिग्नल नाही, तर तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून सशक्त आहे, तिथे ठेवायचा.

पाटीपुस्तक
वायफायचा विषय निघालाच आहे तर जुन्या राउटरांबद्दल एक सांगतो, हे फार लोकांना माहीत नसतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या पद्धती निवडलेल्या असतील तर वायफाय ४, म्हणजे ८०२.११एन, आपला वरचा वेग वापरतच नाही. मानकातच तशी मनाई आहे. जोडणी ५४ एमबीपीएसवर अडकते, आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. एका सेटिंगचा फरक, आणि सुरक्षाही वाढते.

दुसरं, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हेच तीन चॅनल एकमेकांच्या पायात येत नाहीत. कोणी ‘मोकळा दिसतो’ म्हणून ३ किंवा ९ निवडतो, तेव्हा तो दोन्हीकडच्यांचा गोंगाट ओढवून घेतो आणि त्यांनाही त्रास देतो. चॅनलची रुंदीही तिथे २० वरच ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे तो सुरू असताना वायफाय अडखळलं तर नवल नाही. आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला किंवा लॅपटॉपच्या वायफाय डाँगलला खेटून असेल तर ती लांब करून बघा. त्या पोर्टांचा आवाज २.४ मध्ये सांडतो, यावर इंटेलनं २०१२ मध्ये सविस्तर लिहिलं होतं.

मौनराग
डीएनएस बदला! ८.८.८.८ टाकलं की नेट पळतं. मी सगळ्यांना हेच सांगते.

निरभ्र
मौनराग, याचा उपयोग होतो, पण मर्यादित. डीएनएसचं काम साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणं. कंपनीचा डीएनएस मंद असेल तर पान उघडण्याआधी जो रेंगाळल्याचा भास होतो तो कमी होईल. एकदा पत्ता मिळाला की फाइल किती वेगानं उतरणार, याच्याशी डीएनएसचा संबंध नाही. कधी कधी उलटही होतं: बाहेरचा डीएनएस तुम्हाला व्हिडिओच्या जवळच्या सर्व्हरऐवजी लांबच्याचा पत्ता देतो. बदलून बघायला काहीच हरकत नाही, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. पण सरळरेघ यांच्या दोन्ही तक्रारींना ते औषध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायला नको.

अनाहूत
बरं, वायरीचं पटलं. पण संध्याकाळच्या कॉलचं काय? त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. मी ट्रेसर्ट (पॅकेटं कोणत्या टप्प्यांतून जातात ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघतो तेव्हा मधल्या एका टप्प्यावर निम्मी पॅकेटं गळतात. हा कंपनीचाच दोष ना?

निरभ्र
त्या टप्प्याच्या पुढचे टप्पे स्वच्छ आहेत का ते बघा. मधले राउटर पिंगला (उत्तर येतं का आणि किती वेळात, हे बघायला पाठवलेल्या छोट्या पॅकेटाला) उत्तर देण्याचं काम सर्वांत शेवटी ठेवतात. पुढचं सगळं स्वच्छ असेल तर ती गळती नुसती दिसण्यापुरती आहे. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटच्या पत्त्यापर्यंत कायम राहिली तरच ती खरी.

तुमच्या बाबतीत असं करा. वायरीवर बसा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग, पुढे राउटरचा पत्ता, आणि शेवटी उणे चिन्ह लावून टी. दुसरीत तसंच, पण १.१.१.१ ला. दोन्ही तासभर चालू ठेवा, मग कंट्रोल-सी. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ आणि बाहेर गळती असेल तर दोष राउटरच्या पलीकडे. राउटरपर्यंतच गळती असेल तर तो आपल्या घरातला. पिंग हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, आणि आजही तपास तिथूनच सुरू होतो.

तिर्री
जरा अवांतर विचारतो. गेम खेळताना माझा पिंग १८० मिलिसेकंद असतो. वायर आहे, गिगाबिट आहे, प्लॅन मोठा घेतला तरी १८०. का?

दूरवाट
सर्व्हर कुठे आहे ते बघा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर जायला ५० आणि यायला ५०, म्हणजे १०० मिलिसेकंद प्रकाशालाच लागले. केबलचा मार्ग सरळ नसतो, म्हणून वर आणखी. प्लॅन कितीही मोठा घेतला तरी यात फरक पडणार नाही. गेममध्ये जवळचा विभाग निवडता येतो का ते बघा.

आता सरळरेघ यांच्या कॉलकडे वळतो, मला त्यात खरा रस आहे. सिनेमा चालतो आणि कॉल तुटतो, हीच महत्त्वाची खूण आहे. सिनेमा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे दोन-चार सेकंद काही आलं नाही तरी त्याला फरक पडत नाही. कॉलला तशी सोय नाही. आणि कॉलमध्ये तुमचा आवाज अपलोडच्या बाजूनं जातो.

माझा अंदाज असा. संध्याकाळी सगळे घरी येतात, फोन वायफायला लागतात आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात. ५० चं अपलोड एक फोनसुद्धा भरून टाकतो. मग राउटर काय करतो? पॅकेट टाकून देण्याऐवजी साठवत जातो. खिडकीशी एक जण ट्रंकभर कागद घेऊन उभा आहे आणि तुम्ही एका सहीसाठी त्याच्यामागे ताटकळत आहात, तशी तुमच्या आवाजाची गत होते. वेग पूर्ण मिळतोय, स्पीड टेस्टला दोष दिसत नाही, पण प्रत्येक पॅकेट अर्धा-अर्धा सेकंद रांगेत.

यालाच बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांना २०१० मध्ये घरून मोठ्या फाइल पाठवताना हेच आढळलं आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाची युक्ती काढली: रांगेत पॅकेट किती वेळ थांबलं हे मोजायचं, आणि फार वेळ होऊ लागला की थोडी पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावायचं. तिचीच पुढची आवृत्ती एफक्यू-कोडेल, जी आज कितीतरी राउटरांत आहे.

पडताळा सोपा आहे. घर शांत असताना १.१.१.१ ला पिंग लावा, आकडा बघा. मग पिंग चालू ठेवूनच एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवा आणि पुन्हा आकडा बघा.

सरळरेघ
केलं. शांत असताना ६ ते ८ मिलिसेकंद. फाइल चढवायला घेतली आणि आकडा चढतच गेला: ९०, २४०, ५१०, मग ६०० च्या आसपास स्थिरावला. अपलोड थांबवलं की पुढच्याच क्षणी पुन्हा ७. राउटरच्या पत्त्याला लावलेला पिंग मात्र सगळा वेळ १ च्या खाली. दूरवाट, तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर. संध्याकाळी घरातल्या फोनांवर बघितलं, दोन फोनांचा बॅकअप जोरात चालू होता.

शून्यप्रहर
हे बघून मीही घरी करून पाहिलं. ७ वरून ३०. म्हणजे माझ्या राउटरमध्ये ही रांग सांभाळण्याची युक्ती आधीच आहे वाटतं. इथे मेशवाले जिंकले :)

पाटीपुस्तक
३० म्हणजे फारच छान.

सरळरेघ, तुमच्या राउटरच्या पानावर एसक्यूएम, स्मार्ट क्यूओएस किंवा अशा नावाचं, पॅकेटांची रांग सांभाळणारं काही आहे का बघा. असेल तर त्यात अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास घाला, म्हणजे तुमच्याकडे ४५. मर्यादा घालायची ती यासाठी की रांग तुमच्या राउटरमध्ये लागावी, जिथे ती नीट सांभाळली जाते; कंपनीच्या डब्यात लागली तर आपला तिच्यावर ताबा नाही. थोडा वेग सोडायचा, पण कॉल सुधारतो.

डाउनलोडलाही मर्यादा घालणार असाल तर नंतर टेस्ट करा. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर येतं, आणि ते चालू केलं की काही राउटरांतली हार्डवेअरची वेगवान वाट बंद होते. दुबळा राउटर ३०० वरून दीडशेवर येऊ शकतो. तसं झालं तर डाउनलोड मोकळं सोडा, फक्त अपलोड आवळा. आणि राउटरमध्ये हे काहीच नसेल तर बॅकअप रात्री चालेल असं करा, किंवा संगणकावरच्या क्लाउड ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घाला.

मौनराग
हे माझ्या आईला फोनवरून कसं समजावू? ती एकटी असते, व्हिडिओ कॉलवर हमखास गोठते, आणि तिला राउटरचं पान उघडता येत नाही.

दूरवाट
आईंना राउटरच्या पानापर्यंत नेऊच नका. त्यांच्या घरी माणसं कमी, म्हणजे रांगेपेक्षा सिग्नलचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. त्यांना एवढंच सांगा: ‘आई, आज राउटरच्या खोलीत बसून कॉल कर.’ तिथे कॉल नीट झाला तर दोष सिग्नलचा. मग बघा, राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवलाय का. मोकळ्यावर, उंचावर ठेवला की पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा २.४ आणि ५ ला वेगळी नावं देऊन त्यांचा फोन योग्य त्याला जोडून द्या. जवळच्या खोलीत ५, भिंती मध्ये असतील तर २.४.

निरभ्र
सरळरेघ, केबलचं काय झालं? जॅक उघडणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. १०० वर चालतंय म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी शाबूत आहे, केबल नेहमीच्या टी५६८बी क्रमानं लावली असेल तर. दोष निळ्या किंवा तपकिरी जोडीत शोधा.

पाटीपुस्तक
किंवा त्या दोन जोड्या लावलेल्याच नसतील! पूर्वी एकाच केबलमधून दोन यंत्रांना जोडणी देण्यासाठी किंवा फोनसाठी उरलेल्या जोड्या वापरायचे. मी असा जॅक उघडलाय, ज्यात निळी आणि तपकिरी मागे वळवून टेप मारून ठेवलेली होती.

सरळरेघ
वरचा जॅक उघडला. आठही तारा आपापल्या खाचेत, टेप वगैरे काही नाही, पहिल्या नजरेला सगळं ठीक. मग लाकडी काडीनं एकेक तार हलकेच ढकलून पाहिली. तपकिरी-पांढरी तार खाचेच्या अगदी कडेशी नुसती टेकलेली होती. काडी लागताच बाहेर आली. प्लास्टिक सोलताना तांब्यालाच पातं लागलेलं असणार, कारण तुटलेल्या टोकाला अर्ध्यापर्यंत सरळ, चकचकीत काप होता आणि उरलेला भाग काळपट, वाकून तुटल्यासारखा.

नशिबानं भिंतीत थोडी केबल जास्तीची सोडलेली आहे. टोक कापून सगळ्या तारा नव्यानं बसवतो.

निरभ्र
फार छान. दोन गोष्टी सांभाळा. जोड्यांचा पीळ खाचेच्या जितक्या जवळपर्यंत ठेवता येईल तितका ठेवा, १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नका. आणि स्क्रूड्रायव्हरनं दाबू नका, पंच टूलनं (तार खाचेत दाबून बसवायच्या हत्यारानं) बसवा. कापलेल्या तुकड्यातली एक तार पात्यानं खरवडूनही बघा. आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे, आणि तशी तार थोड्याशा वाकण्यानंही तुटते.

सरळरेघ
आतपर्यंत तांबंच आहे. तारा बसवल्या. लिंक स्पीड १०००/१०००, टेस्ट २९४. राउटरमध्ये क्यूओएस होतं, अपलोडला ४५ ची मर्यादा घातली. दोन्ही फोनांचा बॅकअप मुद्दाम चालू ठेवून तासभर कॉल केला, पिंग २० च्या वर गेला नाही आणि समोरच्यानं एकदाही ‘ऐकू येत नाही’ म्हटलं नाही. डाउनलोडला मर्यादा घातली नाही. मनापासून आभार, विशेषतः निरभ्र, दूरवाट आणि पाटीपुस्तक यांचे.

केशरी_कंदील
वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याही लिंक स्पीडमध्ये १०० दिसतंय, पण प्लॅनच १०० चा आहे, तर सोडून देऊ का?

निरभ्र
नेटसाठी फरक पडणार नाही. पण घरातल्या घरात दोन संगणकांमध्ये मोठ्या फाइल हलवत असाल, किंवा बॅकअपची डिस्क नेटवर्कवर असेल, तर जरूर दुरुस्त करा. तिथे दहापट फरक आहे.

अनाहूत
मी पुन्हा आलो. निरभ्र यांनी सांगितल्याप्रमाणे दोन खिडक्या लावून ठेवल्या. राउटरपर्यंत एकही पॅकेट गळालं नाही. बाहेर १.१.१.१ कडे ४ टक्के गळती, आणि ती दुपारीसुद्धा. दुपारी घरात कोणी नेट वापरत नाही, म्हणून संध्याकाळीच जाणवायची. मग फायबरच्या डब्याच्या पानावर प्रकाशाची पातळी सापडली: उणे २८.६ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक).

दूरवाट
मग तुमच्या घरी तुमचंच म्हणणं खरं निघालं, दोष बाहेरचाच. जीपॉनच्या (घरोघरी फायबर देण्याच्या पद्धतीच्या) नेहमीच्या डब्यांची क्षमता साधारण उणे २७ पर्यंत असते, त्याखाली चुका होऊ लागतात. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. कुठेतरी फायबर तीव्र कोनात वाकली असेल, किंवा जोड मळला असेल. तक्रारीत ‘नेट हळू आहे’ असं लिहू नका. प्रकाशाची पातळी, वायरीवर बसून मोजलेली गळती आणि वेळ, एवढंच लिहा, पिंगच्या खिडकीचा स्क्रीनशॉट जोडा. आणि फायबरचं टोक उघडं असेल तर त्यात डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करतो.

अनाहूत
तसंच लिहिलं. या वेळी ‘राउटर रीस्टार्ट करा’ असं उत्तर न येता थेट माणूस आला. खिडकीच्या चौकटीत फायबर दाबली गेली होती. तो तुकडा बदलला, पातळी उणे २०.१ झाली, आणि कालपासून गळती शून्य आहे.